लाल पडलेले पाणगवत

१४ मे, मंगळवार

आज आमच्या तळ्याएवढ्या झऱ्याच्या तळाशी गवत लावून झाले. काथ्याच्या चटयांवर वाढवलेली ही रोपे पाणगवत वाढवून विकणाऱ्या मिस थार्प यांनी आपल्या हौदांतून आणली. पाती हातभर लांब, रिबिनीसारखी पातळ आणि विलक्षण गर्द हिरवी. हौदांवर वर्षभर काळी जाळी असते, म्हणून इतकी हिरवी, असे त्या म्हणाल्या. उन्हाचा आणि हिरवेपणाचा संबंध मी शाळेत नेमका याच्या उलट शिकले होते.

झऱ्याचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा निर्णय आता झऱ्यावरच्या प्रत्येकाला पाठ झाला आहे. जुलैच्या आरंभी मंडळाचे मिस्टर स्पिवी पाहणीला येतील. गवत रुजलेले असेल तर आमच्या तळाला काच बसवलेल्या बोटी चालू राहतील. नसेल तर बोटी काढून येथे पोहण्याचे कुंड करायचे. उजाड वाळू पाहायला कोणी काचेवर वाकत नाही, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नाही. डॅडींनी सारे आयुष्य या बोटीवर काढले, त्यांच्या वडिलांनीही.

झरा यंदा फार उजळला आहे. काठावरच्या ओक आणि सायप्रसच्या ओणवलेल्या फांद्या मंडळाने हिवाळ्यात उतरवल्या, त्या डॅडींच्याच आग्रहावरून. तळ अंधारा दिसतो, अशी त्यांची तक्रार होती. डॅडींप्रमाणेच बोट चालवणारे दुसरे कॅप्टन, डेविट, आज चटया उतरवताना मला म्हणाले, "खरं सांगू, प्रोफेसर? मला तर तळ पहिल्यासारखाच दिसत होता. पण तुझा बाप म्हणाला अंधार, तर अंधार. देवाने उजेड केला तेव्हासुद्धा आधी त्यालाच विचारलं असेल."

मी तिकीटघरात बसून पुस्तके वाचते, म्हणून मी प्रोफेसर. या उन्हाळ्यापुरती मिस थार्प यांनी मला गवताच्या देखरेखीवर घेतले आहे. माणसांपेक्षा हे काम मला बरे वाटते.

२० मे, सोमवार

दुपारच्या फेरीला डॅडींनी सुकाणू माझ्या हाती दिले. "ऊन डोक्याला लागतं, पोरी. तू धर." सकाळची आणि संध्याकाळची फेरी मात्र ते स्वतःच नेतात.

बोट चालवण्याची मला भीती नाही. झऱ्यावर वाढलेल्या कोणाला ती नसते. भीती बोलण्याची आहे. येथे पाहुण्यांना तळ दाखवताना म्हणायचे प्रत्येक कॅप्टनचे कवन वेगळे, बापाकडून मुलाकडे आलेले, अर्धे बोललेले आणि अर्धे गायलेले. डॅडी माझ्या शेजारच्या बाकावर बसून आपले म्हणत होते:

"वाका मंडळी, टोप्या धरा, आभाळ खाली सांडलं,
माशांनी त्या आभाळावर हिरवं अंथरूण मांडलं!"

पाहुणे टाळ्या वाजवत होते. एका लहान मुलीने विचारले, "ते लांब नाकाचं काय चाललंय?" काचेखालून 'गार' जातीचा एक मोठा मासा अगदी सावकाश जात होता. डॅडी म्हणाले, "ते होय? ते आमचे जुने भाडेकरू." सगळे हसले. पण त्यांनी माशाचे नाव घेतले नाही. एरवी गार दिसला की ते त्याच्या सात पिढ्या सांगतात. थकले असावेत.

मला एकच शंका छळते आहे. उद्या ते म्हणतील, "आता बोलणंसुद्धा तूच कर." त्यासाठीच तर हे सुकाणू नाही ना?

२६ मे, रविवार

शंका खरी ठरली, फक्त जागा वेगळी निघाली. चर्चमध्ये आजचे वाचन डॅडींचे होते. त्यांनी पुस्तक उघडले, क्षणभर पानाकडे पाहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "आज माझी लेक वाचेल."

मी उभी राहिले. चेहरा कानांपर्यंत तापला. शब्द ओळखीचे होते, तरी घशातून जेमतेम बाहेर पडले. नंतर जेवणाच्या वेळी चर्चमधल्या वयस्क बाई, सिस्टर ऑर्लीन, माझ्या ताटात मक्याचा कॉर्नब्रेड वाढताना म्हणाल्या, "पोरी, देवाचे कान चांगले आहेत म्हणून बरं. आम्हाला काही एक ऐकू आलं नाही."

घरी येताना मी विचारले, "डॅडी, तुम्ही मला असं पुढे का ढकलता?"

"कधीतरी उभं राहायलाच हवं ना?"

"पण मला ते जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

घरी त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला. थंडगार चहाची धार पेल्याबाहेर मेजावर पडली आणि तरी ते ओतत राहिले. मी फडके आणले. माझ्यावर रागावले असावेत, एरवी त्यांचा हात असा सैल पडत नाही.

३ जून, सोमवार

गवताचे काहीतरी बिनसले आहे.

टोके पिवळट पडली आहेत. काही पात्यांचा रंग काचेसारखा फिका झाला आहे. मागचे बोट त्यातून दिसते. आणि तरी सकाळी याच पात्यांवरून बुडबुड्यांच्या माळा सुटतात, मोत्यांसारख्या, आणि बोटीतील माणसे आनंदाने ओरडतात. मरणारे रोप इतका श्वास कशाला सोडेल? पण ऊन डोक्यावर आले की माळा तुटतात. दुपारच्या फेरीला, जेव्हा उजेड सर्वांत जास्त असतो, तेव्हा एकही बुडबुडा नाही. उन्हे कलली की पुन्हा चार-दोन.

उजेड हे रोपाचे अन्न, असे मी उत्तरपत्रिकांतून लिहीत आले आणि पूर्ण गुण मिळवत आले. मग अन्नाचे ताट भरलेले असताना हे तोंड का मिटते?

मिस थार्प यांनी पाण्यात उभे राहून पाहिले. "सावलीत वाढलेलं आहे, अर्डेलिया. जुनी पाती जातील. मुळं धरली तर नवी येतील, पण ती वेगळी येतील."

"वेगळी म्हणजे?"

"या झऱ्यात, या उन्हात कशी, ते मला तरी काय ठाऊक? फांद्या तुटल्या तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं."

गवताच्या अर्ध्या बेटावर काळी जाळी पसरावी, असे त्यांचे म्हणणे. डॅडींनी साफ नकार दिला. "माणसं काय जाळी बघायला येतात? आधीच यंदा पाणी किती मळलंय."

पाणी मळलेले नाही. पाण्याचा नितळपणा मोजायची नेहमीची काळी-पांढरी तबकडी मी सोडून पाहिली. ती तळाला टेकली तरी तिच्यावरचा ओरखडासुद्धा मला दिसत होता. मी डॅडींना तसे सांगितले. ते म्हणाले, "तबकडीला काय कळतंय?"



९ जून, रविवार

शाळेच्या जीवशास्त्राच्या बाईंनी जुने सूक्ष्मदर्शक दिले. तिकीटघर आज बंद होते, म्हणून खिडकीशी मांडून बसले. एक पाते चिरून पाहिले.

मंद उजेडात पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि प्रत्येकीत हिरवे कण सगळीकडे पसरलेले दिसले. मग दिवा जवळ आणला आणि वाट पाहिली. प्रथम काहीच झाले नाही. नंतर कण हलू लागले. अगदी संथपणे ते मधली मोकळी जागा सोडून भिंतींकडे सरकले आणि तेथे एकामागे एक उभे राहिले, जसे चर्च सुटल्यावर भर उन्हात लोक भिंतीच्या सावलीला ओळीने उभे राहतात. पेशीचा मध्य रिकामा झाला. पाते फिके दिसते ते यामुळेही असावे.

म्हणजे ते आजारी नाही, ते लपते आहे? की आजारीच असल्यामुळे लपते आहे? दिवा दूर नेला. बऱ्याच वेळाने काही कण परत आले. काही आले नाहीत. न आलेल्यांविषयी मला काहीही सांगता येत नाही.

डॅडींना दाखवायला बोलावले. ते भिंगाला डोळा लावून पुष्कळ वेळ उभे होते. "छान आहे," म्हणाले. त्या वेळी अंधारून आले होते, दिवा बंद होता आणि भिंगात काहीच दिसत नव्हते, हे ते गेल्यावर माझ्या ध्यानात आले. माझे मन राखण्यासाठी ते खोटे बोलले, याचे मला वाईट वाटावे की बरे?

१३ जून, गुरुवार

नवी पाती आली! पण आनंद मानावा अशी ती दिसत नाहीत. वीतभरसुद्धा नाहीत. अरुंद, जाडसर, आणि लाल. कासवांनी गवत खाऊ नये म्हणून घातलेल्या कुंपणाच्या आतली सारी जागा आता गंजलेल्या पत्र्यासारखी दिसते. फक्त डेविट यांची बोट बांधलेली असते तिच्या सावलीत गवत अजून लांब आणि हिरवे आहे.

डेविट पाण्यात वाकून म्हणाले, "हे काय लावलंस, प्रोफेसर? मी गवत मागितलं होतं, तू तर बिटाचं पीक काढलंस."

मिस थार्प मात्र प्रसन्न होत्या. लाल रंग हा त्या पात्याचा उन्हाविरुद्धचा पडदा आहे, असे त्या म्हणाल्या. परंतु मिस्टर स्पिवी यांना तो पडदा वाटेल की रोग, हे त्यांनाही सांगता आले नाही. पाहणीत हिरवे गवत पाहायचे असते; लालविषयी कोणी काही ठरवलेले नाही.

१८ जून, मंगळवार

आज सकाळच्या फेरीहून येताना डॅडींची बोट धक्क्यावर आदळली. कोणाला लागले नाही. एका बाईंच्या हातातील उकडलेल्या शेंगांचा पुडा सांडला, इतकेच. डॅडींची बोट आदळणे म्हणजे पाद्रीबाबांनी प्रार्थना विसरणे.

"खुणा गेल्या," ते म्हणाले. "वाकडी फांदी डोक्यावरून गेली की वळायचं. आता फांदीच नाही."

"फांद्या कोणी काढायला लावल्या?" डेविट म्हणाले.

"तू तुझी बोट बघ."

"बघतोय की. तीच तर तुझ्या आड आली असती."

दोघेही हसले, पण डेविट यांचे हसू लवकर संपले. नंतर ते तिकीटघराच्या खिडकीशी आले. "तुझा बाप नीट आहे ना?"

"रागावलेले असतात, सर. माझ्यावर असावेत."

"म्हणजे तुला अजून..." ते म्हणाले. काहीतरी बोलणार होते. मग नुसती टोपी सारखी केली आणि गेले. मोठी माणसे वाक्ये अर्धी टाकून का जातात, हे मला कधी उलगडलेले नाही.

२५ जून, मंगळवार

डॅडींनी मला न सांगता मिस्टर स्पिवी यांना फोन केला. गवत मेले, तळ उघडा पडला, असे त्यांना कळवून नवे लावायची एक संधी मागून घेतली. आता त्यांचा बेत असा: शनिवारी जुने सारे उपटायचे आणि मिस थार्प यांच्या हौदांतील हिरव्या चटया नव्याने अंथरायच्या, म्हणजे सोमवारी पाहणीला झरा हिरवागार दिसेल.

"पण डॅडी, ते मेलेलं नाही."

"पोरी, मी जन्मभर या काचेतून बघतोय. तिथे काही नाही."

"नवी पाती आहेत. लाल आहेत, पण आहेत."

"काही नाही तिथे!" ते इतक्या मोठ्याने बोलले की बाकावरचे पाहुणे वळून पाहू लागले. माझा चेहरा पुन्हा पेटला.

मिस थार्प यांनी चटया द्यायचे कबूल केले आहे, कारण झऱ्यावर अखेरचा शब्द कॅप्टनचा असतो. जाताना त्या मला म्हणाल्या, "नव्या चटयाही सावलीतल्याच आहेत. सोमवारी हिरव्या दिसतील. पुढे त्यांचंही तेच होईल, आणि तेव्हा मंडळ आणखी एक संधी देणार नाही."

म्हणजे गवत ठेवले तर सोमवारी बोटी जाण्याची भीती; उपटले तर त्यानंतर जाण्याची खात्री. हे मला स्पष्ट दिसते. डॅडींना का दिसत नाही? ज्या माणसाने मला कासवाच्या पाठीवरून त्याचे वय ओळखायला शिकवले, त्याला समोरचे गवत दिसू नये? मला वाटते, त्यांना लाल गवताची लाज वाटते. कवनात "हिरवं" आहे ना.

२८ जून, शुक्रवार

दिवसभर मनात वाक्ये जुळवली. उद्या सर्वांसमोर बोलावे लागेल. आरशासमोर एक वाक्य म्हणून पाहिले आणि आरशातल्या मुलीची मला कीव आली.

शिवाय मी चुकत असले तर? दिव्याखालचे काही कण परत आले नव्हते.

२९ जून, शनिवार

जे घडले ते क्रमाने लिहिते, कारण माझ्या डोक्यात त्याचा क्रम राहिलेला नाही.

सकाळीच चटया आल्या. डॅडी, डेविट आणि मिस थार्प कमरेइतक्या पाण्यात उतरले. मी आधीच गवताच्या बेटाच्या मध्यभागी जाऊन उभी होते.

"बाजूला हो, पोरी."

"नाही, डॅडी."

डेविट यांनी शीळ घातली. मी जुळवलेली सर्व वाक्ये विसरले होते. तोंडातून आले ते एवढेच: "ओढून बघा, डॅडी. हाताला सहज आलं तर सगळं काढा. मी स्वतः काढीन."

ते वाकले. हात पाण्यात घातला आणि उघड्या वाळूवर आपटला. पुन्हा घातला, पुन्हा वाळू. पाण्यात वस्तू सरकलेली दिसते, हे मला माहीत आहे. पण तो चकवा ज्यांनी मला शिकवला, त्यांचा हात दोनदा चुकावा? आणि पाती त्यांच्या घोट्यांना लागून हलत होती.

"कुठे आहे?" त्यांनी हळूच विचारले. आजवर त्यांनी झऱ्याविषयी मला कधी काही विचारले नव्हते.

मी त्यांचे मनगट धरले आणि हात बुडख्याशी नेला. त्यांनी ओढले. आले नाही. दोन्ही हातांनी ओढले. वाळूचा ढग उठला, पाते तुटून हातात आले, पण मूळ जागचे हलले नाही. मग ते बोटांनी चाचपत पुढे गेले, एका रोपावरून दुसऱ्यावर, कुंपणापर्यंत आणि परत, डोळे मिटून. डोळे मिटल्यावर त्यांचा हात एकदाही चुकला नाही.

"किती दिवस झाले हे येऊन?"

"दोन आठवड्यांहून जास्त, डॅडी."

"आणि रंग लाल?"

"लाल."

"मला वाळूच दिसते," ते म्हणाले. "सगळीकडे वाळू. आणि ऊन आलं की वाळूसुद्धा नाही, नुसता पांढरा झगझगाट."

डेविट यांनी तोंड फिरवले. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. सुकाणू, वाचन, चहा, धक्का: सारे माझ्यासमोर होते आणि प्रत्येकाचा अर्थ मी स्वतःकडे ओढून घेतला होता. मला वाटले होते, ते मला उजेडात ढकलत आहेत.

"डॉक्टरकडे गेला होतात?" मी विचारले.

"डॉक्टरकडे जायच्या आधी मी झाडांकडे गेलो, पोरी. वाटलं, फांद्यांचा अंधार असेल."

चटया गाडीत परत चढवल्या.

१ जुलै, सोमवार

मिस्टर स्पिवी सकाळी आले. काचेतून पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मिस थार्प यांनी मुळे, पडदा, नवी पाती असे सारे समजावले. त्यांनी ऐकून घेतले, मग म्हणाले, "बाई, तुम्ही गवत विकता. तुम्ही चांगलंच म्हणणार. मला या झऱ्यावर एकाच माणसाचा शब्द पुरतो. कॅप्टन गॅडसन, मंगळवारी फोनवर तुम्हीच म्हणालात ना की गवत मेलं?"

"म्हणालो."

"मग आज काय बदललं?"

मी धक्क्यावर उभी होते. डॅडींना एक खोटे सहज सांगता आले असते: फोनवर घाई झाली, उजेड वाकडा होता, काहीही. मिस्टर स्पिवी यांनी ते मानलेही असते. मला, खरे लिहायचे तर, ते त्यांनी सांगावे असे वाटत होते.

डॅडींनी टोपी काढली. "गवताला काही झालेलं नाही. माझे डोळे गेलेत. तुम्ही पाण्यात उतरा आणि ओढून बघा. माझ्या नजरेवर जाऊ नका, कोणाच्याच जाऊ नका."

मिस्टर स्पिवी यांनी बूट काढले आणि ते विजारीसकट पाण्यात उतरले. पुष्कळ ठिकाणी ओढून पाहिले. वर आले तेव्हा त्यांची बाही खांद्यापर्यंत भिजली होती. "बोटी राहतील," ते म्हणाले. आणि मग, डॅडींकडे न पाहता, "पण कॅप्टन, तुमचा परवाना..."

"हा घ्या," डॅडी म्हणाले. त्यांनी तो आधीच खिशातून काढून हातात धरला होता.

डेविट यांनी नाक शिंकरले आणि ऊन फार आहे, असे कोणालाही न उद्देशून म्हणाले. डॅडींना डॉक्टरकडे उद्या न्यायचे आहे. काही परत येईल की नाही, कोणास ठाऊक. आज झऱ्यावर सर्वांनी मला शाबासकी दिली. ती कशाबद्दल घ्यावी, हे मला समजत नाही. मी गवत वाचवले आणि त्याच हाताने त्यांची बोट काढून घेतली, असे वाटते. आणि डॅडी तर सकाळपासून हलके झाल्यासारखे दिसतात.

दुपारच्या फेरीची माणसे धक्क्यावर थांबली होती. डॅडी माझ्या शेजारच्या बाकावर बसले नाहीत. ते दोरी चाचपत आत आले आणि पाहुण्यांमध्ये, काचेच्या कडेला, एका म्हाताऱ्या जोडप्याशेजारी बसले. त्या बाईंनी विचारले, "तुम्ही पहिल्यांदाच आलात?"

"या बाजूने, हो," ते म्हणाले.

मी दोर सोडला. बोट खुल्या पाण्यात आली. डोक्यावर एकही फांदी नव्हती. कवनाची वेळ झाली. मग एकेक करून सर्वांनी काचेवरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. डॅडींनीही आवाजाच्या रोखाने, जो अजून आलेला नव्हता. माझा चेहरा पेटला. तो पेटलेला असतानाच मी तोंड उघडले.